सहावा पुत्र

पेण तालुक्यात गागोदे नावाचे एक लहानसे खेडे आहे. जिल्ह्याचे नाव पूर्वी कुलाबा असे होते. 1981 पासून तो रायगड जिल्हा म्हणून ओळखला जातो. या खेड्यात 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. हेच पुढे आचार्य विनोबा भावे या नावाने सर्व देशास परिचित झाले. वडील नरहरपंत हे नोकरीनिमित्त बडोद्यास राहत असत. विनायकाचे बालपण मात्र आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गागोद्यासच गेले.

रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. परंतु त्यांची वृत्ती अत्यंत भाविक व उदार होती. घरच्या झाडाचा फणस पिकला म्हणजे मुले त्याभोवती गोळा होत. पण आई त्यांच्या हाती एकदम गरे देत नसे. आधी पानांचे द्रोण करून ती त्यांत गरे भरी आणि ते शेजारच्या घरोघरी पोचविण्यास मुलांना धाडी. सर्वांकडे द्रोण पोचले की मग घरातल्या मुलांची पाळी. एके दिवशी दारी एक धडधाकट भिकारी आला. आईने त्यास भिक्षा घातलेली पाहून विनायकाने हरकत घेतली. अंगात बळ असलेल्या माणसास भीक घालणे म्हणजे आळसाला उत्तेजन देणे होय, असा त्याचा युक्तिवाद होता आणि त्यास आधार म्हणून गीतेतील वचनही त्याने काढले. आईने शांतपणे सांगितले की, दारी आलेला मनुष्य देवच असतो. त्याची पात्रता ठरविणारे आपण कोण? मुलगा वादात हार जाणारा नव्हता. पण आईच्या या बोलण्याला आपल्याला आजवर उत्तर सापडले नाही, असे विनोबा पुढे म्हातारपणीही सांगत असत.

बडोद्यास शिक्षण चालू असता विनायकाला गणिताची विलक्षण गोडी लागली. वाचनाचा नादही मोठा. परंतु शाळा-कॉलेजातील परीक्षांवर त्याचे मन बसेना. नोकरी करून संसार थाटावयाचा नाही, हा निश्चय लहानपणीच झालेला होता. एके दिवशी आई चुलीपाशी स्वयंपाक करीत असता त्याने आपली सर्व प्रशस्तिपत्रके आणली आणि ती एकेक करून चुलीत घातली. कधी काळी उपयोगी पडली असती, असे आईने म्हणताच त्याने उत्तर दिले की, ज्या वाटेने आपणांस जावयाचेच नाही, तिची तिकिटे जवळ बाळगण्यात अर्थ नाही. 1916 च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईस निघाला. पण सुरतेस गाडीतून उतरला आणि थेट काशीस गेला. काशीस असताना महात्मा गांधींच्या तेथील भाषणाची हकिकत त्याच्या कानी आली. त्याने गांधीजींना पत्रे लिहिली, उत्तरे आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची पहिली भेट झाली. हिमालयाची शांती आणि क्रांतीची ओढ या दोन गोष्टी तो शोधीत होता. त्या दोन्ही एकाच ठिकाणी मिळाल्या असे त्यास वाटले. विनायकाचा विनोबा झाला तो या आश्रमात.

पुढील तीस वर्षांचा वृत्तान्त येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. 1921 साली गांधीजींनी त्यांना वर्ध्यास आश्रम चालविण्यासाठी पाठविले आणि तेव्हापासून वर्धा हीच त्यांची कर्मभूमी झाली. आईला संस्कृत गीता समजत नसे. मराठीतून ती लिहून द्यावी, अशी तिची इच्छा होती. ती इच्छा, आई निवर्तल्यानंतर बारा वर्षांनी, त्यांनी गीताई रचून पुरी केली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी लिहून घेतली. 1940 साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली, तेव्हा हे विनोबा कोण असा प्रश्न देशातील पुष्कळांना पडला. इतके ते प्रसिद्धीपासून दूर होते.

स्वातंत्र्य मिळाले, गांधीजी गेले. विनोबा वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार येथील आश्रमात होते. 1950 च्या सुमारास त्यांनी तेथे एक आगळा प्रयोग आरंभिला. पैशावाचून जगावयाचे, बाजारातून विकत काही आणावयाचे नाही आणि जे लागेल ते आपल्या श्रमाने जमिनीतून पिकवावयाचे. या शेतीत बैलही नव्हते. आश्रमवासी तरुणांनी कुदळफावड्यांनी विहीर खणली आणि पाण्याचा रहाट स्वतःच्या हातांनी फिरविला. विनोबांचे वय त्या वेळी पंचावन्न वर्षांचे, पोटाचा जुना विकार, आहार दूधदह्यावर. तरीही ते रोज काही तास शेतात राबत. ज्या मनुष्याने पुढे देशापुढे जमिनीचा प्रश्न मांडला, त्याने मातीचे काम पुस्तकातून वाचलेले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

1951 च्या एप्रिल महिन्यात हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांचे संमेलन भरावयाचे होते. विनोबांनी जावे असा सर्वांचा आग्रह पडला. पैशाचा त्याग केलेला असल्याने आगगाडीचे तिकीट काढण्याचा प्रश्नच नव्हता. 8 मार्च रोजी ते पायीच निघाले आणि सुमारे तीनशे मैलांची वाट चालून संमेलनास पोचले. संमेलन आटोपल्यावर परतताना सरळ मार्गाने न येता तेलंगणातून यावयाचे त्यांनी ठरविले.

तेलंगण हा त्या वेळी हैदराबाद राज्याचा भाग होता. मराठवाड्याचे जिल्हेही याच राज्यात मोडत. निजामाच्या अमदानीत तेथील जमिनीची व्यवस्था मोठी विषम होती. काही जहागीरदार व देशमुख यांच्या ताब्यात हजारो एकर जमीन असे, आणि ती कसणाऱ्या माणसाच्या मालकीचे झोपडीखालचे अंगणसुद्धा नसे. त्यात वेठीची चाल. जमीनदाराच्या घरचे लग्न असो, नवे बांधकाम असो की पाहुण्यांचे ओझे असो, गावातील गरीब जातींनी ते काम विनामूल्य करावयाचे. कर्ज फेडता फेडता बापाचा मुलगा आणि मुलाचा नातू त्याच घरी राबत राही. अखेर 1946 साली या जुलमाविरुद्ध शेतकरी उठले. साम्यवादी पक्षाच्या नेतृत्वाखाली त्यांनी शस्त्रे हाती घेतली, जमीनदारांना गावांतून पिटाळले आणि त्यांच्या जमिनी वाटून घेतल्या. 1948 च्या सप्टेंबरात भारतीय सैन्याने निजामाची राजवट संपविली. तथापि जमिनीचा लढा थांबला नाही. एका बाजूस पोलीस व लष्कर, दुसऱ्या बाजूस रानात लपलेली सशस्त्र पथके, आणि मध्ये सापडलेला खेडूत, अशी तेथील स्थिती होती. रक्त दोन्ही बाजूंनी सांडत होते.

अशा मुलखातून विनोबा निघाले. बरोबर मोजकी माणसे. संरक्षणास कोणी नाही. 18 एप्रिल 1951 रोजी सकाळी ते नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली या गावी पोचले. गावात सुमारे सातशे कुटुंबे होती आणि त्यांपैकी बहुसंख्यांना जमीन नव्हती. नेहमीप्रमाणे विनोबा प्रथम हरिजनवस्तीत गेले. (अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला त्या काळी गांधीजींच्या अनुयायांत या नावाने संबोधीत असत.) तेथील लोकांनी आपली स्थिती सांगितली. काम मिळेल त्या दिवशी पोटाला अन्न. नाही तर नाही. विनोबांनी विचारले की, तुम्हांला काय पाहिजे? ते म्हणाले, जमीन पाहिजे. किती? त्यांनी आपसांत हिशेब केला. कुटुंबे चाळीस, प्रत्येकी दोन एकर धरले तर ऐंशी एकर पुरेत. त्यांतील निम्मी पाण्याखालची असावी व निम्मी कोरडवाहू.

मागणी मोठी नव्हती. पण विनोबांच्या जवळ ऐंशी हात जमीनही नव्हती. सरकारकडे अर्ज करून पाहू, असे ते प्रथम म्हणाले. परंतु सरकारी उत्तर केव्हा येईल आणि काय येईल, याचा भरवसा त्यांनाही वाटत नव्हता. दुपारी गावकरी जमले तेव्हा त्यांनी सहज प्रश्न केला की, सरकारची वाट पाहण्याऐवजी या गावातच कोणी या बांधवांसाठी काही करू शकेल काय? तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी नावाचे एक जमीनदार उभे राहिले. आपल्या जमिनीचा काही भाग गरिबांना द्यावा, अशी त्यांच्या दिवंगत वडिलांची इच्छा होती. त्यांनी शंभर एकर जमीन देत असल्याचे सर्वांसमक्ष जाहीर केले.

या प्रसंगातील आणखी एक गोष्ट दानाइतकीच महत्त्वाची वाटते. शंभर एकर मिळत असल्याचे ऐकूनही त्या चाळीस कुटुंबांनी सांगितले की, आमची गरज ऐंशी एकरांची आहे. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या वाट्यास एक वाफाही आला नव्हता, त्यांनी गरजेपेक्षा अधिक मागितले नाही.

त्या रात्री विनोबांना नीट झोप आली नाही. गणिती मन हिशेब करू लागले. देशात भूमिहीन माणसे सुमारे पाच कोटी; लागवडीखालची जमीन सुमारे तीस कोटी एकर. प्रत्येक भूमिधारकाने आपल्या जमिनीचा सहावा हिस्सा दिला तर पाच कोटी एकर होतील. पण मागून इतकी जमीन कोण देईल? इतिहासात लोकांनी जमिनीसाठी भावाभावांत खून पाडले आहेत. राज्ये बुडविली आहेत. हा विचार म्हणजे वेड ठरेल, अशी भीतीही त्यांना वाटली. शेवटी, आज जे घडले त्यामागे परमेश्वराचा काही संकेत आहे, आणि त्यापासून आपण मागे सरलो तर अहिंसेवरील आपली श्रद्धा खोटी ठरेल, असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक गावी जमीन मागू लागले. तेलंगणातील एकावन्न दिवसांत त्यांना सुमारे 12 हजार एकर जमीन मिळाली. भूदानयज्ञाचा आरंभ झाला तो असा.

विनोबांची मागण्याची रीत मोठी विलक्षण होती. ते भिक्षा मागत नसत. गावातील जमीनमालकाला ते विचारीत की, तुम्हांला मुलगे किती? पाच, असे उत्तर आले तर ते म्हणत, मग मला सहावा समजा आणि माझा वाटा मला द्या. तो मी घरी नेणार नाही, ज्याला जमीन नाही त्याला देईन. मुलगा बापाजवळ वाटणी मागतो ती उपकार म्हणून नव्हे. त्याचा तो अधिकार असतो. भूमिहीनाची मागणीही तशीच अधिकाराची आहे, असे त्यांचे सांगणे होते. वारा, पाणी व ऊन यांप्रमाणे जमीनही ईश्वराची देणगी आहे. तिच्यावर कोणा एकाची मालकी असणे हेच मुळी त्यांना मान्य नव्हते. म्हणून दान या शब्दाचा अर्थ ते न्याय्य वाटणी असा करीत आणि त्यासाठी आदि शंकराचार्यांचा आधार देत.

यामुळेच ते सर्वच दान स्वीकारीत असेही नाही. तीनशे एकरांचा एक धनी एक एकर देण्यास आला, तेव्हा विनोबांनी ते दान परत केले आणि समजूत घातल्यावर त्याने तीस एकर दिले, अशी हकिकत सांगतात. उलट, एका एकराचा मालक असलेल्या शेतकऱ्याने एक गुंठा दिला, तो त्यांनी आदराने घेतला. एका गुंठ्याने कोणाचे पोट भरणार, अशी शंका कोणासही येईल. पण गरीब मनुष्यसुद्धा आपल्याहून गरिबासाठी देतो, हे श्रीमंतांना दिसावे, हा त्यामागचा हेतू होता.

तेलंगणातून परतल्यावर पंडित जवाहरलाल नेहरूंनी नियोजन मंडळाशी विचारविनिमय करण्यासाठी त्यांना दिल्लीस बोलाविले. विमानाची सोय होऊ शकत होती; विनोबा पायीच निघाले. सप्टेंबरात पवनार सोडले, नोव्हेंबरात ते दिल्लीस राजघाटावर पोचले आणि तेथून उत्तर प्रदेशात शिरले. अशा रीतीने ही पदयात्रा जी सुरू झाली ती जवळजवळ तेरा वर्षे चालली.

पहाटे तीन वाजता उठावे, प्रार्थना करावी आणि अंधारातच कंदिलाच्या उजेडात पुढच्या गावची वाट धरावी, असा त्यांचा नित्यक्रम होता. रोज दहाबारा मैलांची मजल होई. थंडी असो, पाऊस असो, नद्यांना पूर असो, क्रम चुकत नसे. संध्याकाळी प्रार्थनेनंतर भाषण होई. दानपत्रे भरली जात. ज्या प्रांतात जावे तेथील भाषा शिकावी, तेथल्या संतांचे ग्रंथ वाचावेत आणि त्यांतील दाखले देऊन लोकांशी बोलावे, अशी त्यांची पद्धत होती.

मिळालेल्या जमिनीच्या वाटपाचेही नियम ठरले होते. वाटप कचेरीत नव्हे, गावच्या सभेत व्हावयाचे. ज्याला जमीन नाही, दुसरा धंदा नाही आणि जो स्वतः कसू इच्छितो, त्यालाच ती मिळावयाची. एकूण जमिनीचा तिसरा हिस्सा हरिजनांसाठी राखावयाचा. मिळालेली जमीन विकता येणार नाही; पडीक ठेवता येणार नाही. पुष्कळ गावी असे घडे की, जमीन थोडी आणि मागणारे अधिक. मग भूमिहीनांनीच आपसांत ठरवावयाचे की, सर्वांत अधिक गरज कोणाची. अशा वेळी एखाद्याने आपला हक्क सोडून शेजाऱ्याचे नाव पुढे केल्याची उदाहरणे त्या सभांना हजर असलेल्यांनी नमूद केली आहेत. नुसत्या जमिनीने भागत नाही, हेही लवकरच दिसून आले. नांगर, बैल, बियाणे आणि विहीर यांवाचून जमीन म्हणजे केवळ ढेकळे. म्हणून साधनदान, संपत्तिदान, श्रमदान व कूपदान यांची मागणी सुरू झाली.

1952 च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्याच्या मंगरोठ गावाने एक पाऊल पुढे टाकले. तेथील जवळजवळ सर्व मालकांनी आपली जमीन गावाच्या स्वाधीन केली. ग्रामदानाचा प्रारंभ हा होय. त्यानंतर ओरिसातील कोरापुट या आदिवासी जिल्ह्यात शेकडो गावांनी तोच मार्ग धरला. 1957 साली म्हैसूरजवळ येलवाल येथे भरलेल्या परिषदेस पंडित नेहरूंसह निरनिराळ्या पक्षांचे नेते आले होते आणि साम्यवादी नेतेही त्यांत होते. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या या मंडळींनी ग्रामदानास पाठिंबा दिला.

मार्ग सर्वत्र फुलांचा नव्हता. 1952 च्या डिसेंबरात बिहारातील चांडिल येथे विनोबांना हिवतापाने गाठले. औषध घ्यावयास ते तयार नव्हते. प्रकृती चिंताजनक झाली, तेव्हा थोरामोठ्यांच्या आग्रहामुळे त्यांनी ते घेतले. पुढच्या वर्षी देवघर येथे वैद्यनाथाच्या मंदिरात हरिजनांसह जात असता पंड्यांनी त्यांच्या मंडळीवर हल्ला केला. स्वतः विनोबांनाही मार बसला आणि त्यांच्या कानास इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, असे त्यांनी कळविले. 1958 साली पंढरपुरास मात्र निराळे दृश्य दिसले. तेथे विनोबांनी इतर धर्मांच्या सहकाऱ्यांसह विठ्ठलाचे दर्शन घेतले. 1960 साली चंबळेच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. ती हकिकत सर्वत्र गाजली; पण येथे आपला विषय जमिनीचा आहे.

बिहारचे उदाहरण त्या दृष्टीने मुद्दाम पाहावे. या प्रांताचा भूमिप्रश्न पूर्णपणे सोडवावयाचा, या निश्चयाने विनोबा तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिले. 32 लाख एकरांचा संकल्प होता. 20 लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे मिळाली. 1954 साली बोधगयेच्या संमेलनात जयप्रकाश नारायण यांनी या कार्यास आपले जीवन अर्पण केल्याची घोषणा केली. उत्साहाला भरती आली होती. परंतु दानपत्रे घेऊन कार्यकर्ते जेव्हा प्रत्यक्ष शेतांवर गेले, तेव्हा निराळीच स्थिती आढळली. कित्येक पत्रांत जमिनीचा क्रमांकच लिहिलेला नव्हता. कित्येक जमिनी नदीच्या पात्रात होत्या, कित्येक डोंगरावर, तर कित्येक न्यायालयातील वादात अडकलेल्या. बापाने दिलेली जमीन मुलाने नाकारली, असेही झाले. आणि ज्यांना जमीन खरोखर मिळाली, त्यांपैकी काहींना विनोबा पुढे गेल्यावर जुन्या मालकाने हुसकून लावले. कागद पेटीत राहिला. शेत दुसऱ्याच्या ताब्यात. उत्तर प्रदेश, बिहार इत्यादी राज्यांनी भूदानाचे कायदे केले, मंडळे नेमली. तरी मोजणी करणारा, नोंद करणारा आणि ताबा देणारा मनुष्य गावात वेळेवर पोचला नाही, तर कायदाही पांगळा पडतो.

सर्व देशाचा हिशेब असा की, चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दानात मिळाली. पाच कोटींच्या संकल्पाशी तुलना करता ही संख्या लहान आहे. आणि तिच्यातीलही प्रत्यक्ष वाटप झालेली जमीन निम्म्याच्या आसपासच राहिली. विनोबांवर टीकाही पुष्कळ झाली. जमिनीचे लहान तुकडे पडून उत्पन्न घटेल, असे अर्थशास्त्रज्ञ म्हणत. हृदयपरिवर्तनाच्या गोष्टींमुळे गरिबांचा लढा थंडावतो आणि जमीनदारांना सवड मिळते, असे साम्यवाद्यांचे म्हणणे. जमीनधारणेवर मर्यादा घालणारे कायदे हाच खरा उपाय, असेही मत होते. महाराष्ट्रात असा कायदा 1961 साली झाला. मात्र कायद्यालाही पळवाटा निघाल्या. नातलगांच्या, क्वचित गुराढोरांच्या नावानेसुद्धा जमिनी दाखविल्या गेल्याच्या तक्रारी देशात अनेक ठिकाणी होत राहिल्या. या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु दुसरी बाजूही आहे. चाळीस लाख एकरांतून निम्मी वजा केली तरी जी उरते, तीही केवळ पायी चालणाऱ्या एका मनुष्याच्या शब्दावर माणसांनी दिलेली जमीन आहे आणि तिच्यावर लाखो कुटुंबांनी नांगर धरला. जगाच्या इतिहासात अशी घटना शोधूनही सापडत नाही.

स्वतः विनोबांना या अपयशाची जाणीव नव्हती असे नाही. हिशेब तर त्यांच्या आवडीचा. पण मनुष्य खोटे देतो म्हणून त्याच्याकडे मागावयाचेच नाही, हे त्यांना पटत नसे. पात्रता पाहून द्यावे असे म्हणणाऱ्या मुलाला आईने जे सांगितले होते, ते घेणाऱ्याइतकेच देणाऱ्यालाही लागू पडते, असे जणू त्यांनी ठरविले होते. त्यात भाबडेपणा होता काय? थोडा असावा. मोजणीच्या साखळीवर आणि कागदाच्या पक्केपणावर त्यांच्या सहकाऱ्यांनी आरंभापासून अधिक लक्ष पुरविले असते, तर पुष्कळ भूमिहीनांचे पुढचे हाल टळले असते.

1964 च्या एप्रिलात विनोबा पदयात्रा संपवून पवनारला परतले. पुढील वर्षी ते पुन्हा बिहारात गेले. या वेळी शक्ती कमी झाल्यामुळे ते मोटारीने हिंडत. ग्रामदानाचे नियम सोपे करण्यात आले आणि कागदोपत्री ग्रामदान झालेल्या गावांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यांपैकी खरोखर तसा कारभार चालविणारी गावे थोडी निघाली. त्यानंतर ते पवनारलाच स्थिर झाले. 1974 नंतर जयप्रकाशांचा व त्यांचा मार्ग वेगळा झाला. आणीबाणीच्या काळात विनोबांनी घेतलेली भूमिका त्यांच्या अनेक चाहत्यांनाही रुचली नाही.

1982 च्या नोव्हेंबर महिन्यात ते आजारी पडले. आता देहाचे काम संपले, असे मानून त्यांनी अन्न, पाणी व औषध घेण्याचे बंद केले आणि 15 नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवशी, धाम नदीच्या काठी देह ठेवला. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब दिला.

पोचमपल्ली हे गाव आज तेलंगण राज्यात आहे. तेथील विणकरांचे इकत वस्त्र देशभर प्रसिद्ध आहे. गावाचे नाव मात्र आता नुसते पोचमपल्ली राहिलेले नाही. त्यास भूदान पोचमपल्ली असे म्हणतात.